इंजिन बाहेर आलं, तरी ग्लायडर लवकर खाली का येतं?



आज जरा वेगळा विषय घेतेय. पाठ्यपुस्तकात हा थेट नाही, पण 'हवेचा विरोध' शिकवताना माझ्या वर्गात तो निघाला आणि मी चक्क चुकीचं उत्तर देऊन बसले. ते उत्तर दुरुस्त करायला मला आठवडा लागला. त्या आठवड्यात जे वाचलं, जे गणित मांडलं आणि वर्गात जे करून बघितलं, ते इथे देतेय.

झालं असं. पाचवीच्या वर्गात मी मुलांना सांगत होते, की डीएडला असताना मी हडपसरला मामाकडे राहायचे. तिथे ग्लायडिंग सेंटर आहे. गच्चीवरून बिनइंजिनाची विमानं दिसायची. जमिनीवरचं विंच लांबलचक वायर भराभरा गुंडाळतं, पतंगाला ढील न देता उलट खेचावं तसं ग्लायडर वर चढतं, मग वायर सुटते आणि विमान आवाज न करता घिरट्या घालत राहतं. मुलांना ते खूप आवडलं. मग प्रोजेक्टरवर आम्ही ग्लायडरचे एक-दोन व्हिडिओ पाहिले. त्यातल्या एका ग्लायडरच्या पाठीवर झाकण उघडलं आणि आतून खांबावर बसवलेलं इंजिन पंख्यासकट उभं राहिलं. मुलं ओरडलीच, "बाई, कांगारू!"

पायलटने ते इंजिन चालू केलं नव्हतं, नुसतं बाहेर काढून दाखवलं होतं. एका मुलीने विचारलं, "बाई, आता ते जास्त लांब जाईल ना?" मी म्हणाले, "पंखा बंद आहे ना, मग फरक पडणार नाही. आधी जेवढं जात होतं तेवढंच जाईल."

हे साफ चूक आहे. फरक पडतो, आणि थोडाथोडका नाही. बाहेर काढलेलं पण बंद असलेलं इंजिन ग्लायडरचा पल्ला निम्म्याहूनही कमी करू शकतं.

आधी ग्लायडर 'जातं' म्हणजे काय ते बघू. शांत हवेत ग्लायडर कायम थोडं थोडं खालीच येत असतं. घसरगुंडीवर मूल पुढेही जातं आणि खालीही येतं, तसंच. फक्त ही घसरगुंडी अगदी कमी उताराची असते. एक मीटर खाली येताना चाळीस मीटर पुढे जात असेल, तर त्या ग्लायडरचा ग्लाइड रेशो १:४० म्हणायचा. चांगल्या आधुनिक ग्लायडरचा याहून जास्तही असतो. ऊन तापल्यावर वर चढणारी गरम हवा सापडली, तर पायलट त्यात गोल गोल फिरून उंची कमावतो (घारी करतात तेच) आणि पुन्हा घसरत पुढे निघतो. म्हणजे उंची हे त्याचं पेट्रोल.

पण संध्याकाळ होते, ढग येतात, गरम हवा सापडेनाशी होते. घर अजून लांब असतं. मग कुणाच्या तरी शेतात उतरावं लागतं. जर्मनीत वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर १९२० पासून ग्लायडरच्या स्पर्धा भरू लागल्या, आणि तेव्हापासून शेतात उतरणं हा या खेळाचा भागच आहे. ते टाळायला घडीचं इंजिन आलं. लागेल तेव्हा बाहेर काढायचं, काम झालं की पोटात ठेवून झाकण लावायचं. १९८१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं जर्मन बनावटीचं डीजी-४०० हे अशा विमानांपैकी गाजलेलं नाव. त्यात इंजिन आणि पंखा दोन्ही खांबासकट पाठीतून वर येतात. अशा ग्लायडरला मोटरग्लायडर म्हणतात.

आता गणित. वर्गात मी हेच फळ्यावर मांडलं. आकडे सोपे यावेत म्हणून मी ठरवून घेतलेत. प्रत्येक विमानाचे वेगळे असतात, पण अंदाज याच घरातला.

ग्लायडर ६०० मीटर उंचीवर आहे. त्यातले शेवटचे २०० मीटर उतरण्याच्या फेऱ्यासाठी राखून ठेवायचे. राहिले ४०० मीटर. वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर.

इंजिन पोटात असताना १:४०. ४०० गुणिले ४० म्हणजे १६,००० मीटर, १६ किलोमीटर. वेळ मिळतो ६४० सेकंद, साडेदहा मिनिटांपेक्षा थोडा जास्त.

इंजिन बाहेर पण बंद. आता १:१५ धरू. ४०० गुणिले १५ म्हणजे ६ किलोमीटर. वेळ २४० सेकंद. बरोब्बर चार मिनिटं.

मुलं गप्प झाली. मग एकाने विचारलं, "आणि समोरून वारा असेल तर?" फार चांगला प्रश्न. ताशी ३६ किलोमीटरचा समोरचा वारा, म्हणजे सेकंदाला १० मीटर मागे. जमिनीवरून बघितलं तर विमान सेकंदाला १५ मीटरच पुढे सरकतंय. १६ चे झाले ९.६ किलोमीटर, आणि ६ चे झाले फक्त ३.६. आमच्या शाळेपासून बाजारपेठेपर्यंतसुद्धा नाही.

आता मला स्वतःला पडलेला प्रश्न. एवढंसं इंजिन आणि एवढा मोठा परिणाम, हे कसं?

पावसाळ्यात स्कूटीवर रेनकोटची बटणं लावायची राहिली की तो मागे फुगतो आणि आपल्याला मागे ओढतो. हवेचा विरोध म्हणजे हेच. वस्तू किती मोठी आहे यापेक्षा तिचा आकार कसा आहे यावर तो फार अवलंबून असतो. ग्लायडरचं अंग माशासारखं गुळगुळीत, हवा त्याला चिकटून सरळ मागे जाते. इंजिनाचा खांब, त्याच्या नळ्या, सिलिंडरवरच्या पट्ट्या, रेडिएटर, आडवातिडवा पंखा, यातलं काहीच गुळगुळीत नाही. हवा त्यावर आपटते, फाटते आणि मागे भोवरे होतात. त्या प्रत्येक भोवऱ्याची किंमत विमान आपल्या उंचीतून भरतं. पंखा वाऱ्याने आपोआप फिरत असेल तर ओढ बहुधा आणखी वाढते, कारण बंद इंजिन फिरवायची मेहनतही विमानालाच करावी लागते.

पण खरी गंमत पुढे आहे. समजा पायलट धरून ग्लायडरचं वजन ५०० किलो. ग्लाइड रेशो १:४० म्हणजे हवेची मागे ओढ वजनाच्या चाळिसाव्या भागाइतकी. ५०० भागिले ४०, आलं साडेबारा. अख्ख्या विमानाला हवा फक्त साडेबारा किलोच्या जोराने मागे ओढते! एवढं वजन तर आपण किराणा दुकानातून पिशवीत आणतो. आता १:१५ घ्या. ५०० भागिले १५ म्हणजे ३३ किलो. फरक साधारण २१ किलोचा. ऑफिसात, लग्नात २० लिटरचे पाण्याचे जार येतात ना, तसा एक जार विमानाला मागून लटकवून कुणीतरी ओढतंय असं समजा.

हाच जार चार माणसांच्या साध्या सेसना विमानाला लावला तर? ते सुमारे एक टनाचं, इंजिन बंद पडल्यावर त्याचा ग्लाइड रेशो १:९ च्या आसपास. म्हणजे त्याला हवा आधीच १११ किलोच्या जोराने ओढतेय. २१ किलो वाढले तर १:९ चं साधारण १:७.५ होईल. पायलटला कळेल, पण आभाळ कोसळणार नाही. ग्लायडरचं मात्र १:४० वरून १:१५. पांढऱ्याशुभ्र शर्टावर शाईचा एक थेंब पडावा तसं. जे विमान जितकं सुबक, त्याचं नुकसान तितकं मोठं. माझं चुकलं ते इथेच. मी इंजिनाकडे बघत होते, ग्लायडरकडे नाही.

मग इंजिन चालू का करत नाहीत?

करतात की! चालू झालं तर प्रश्नच मिटला. प्रश्न चालू न झाल्याचा आहे. मोटारसायकलला रोज सकाळी चार किका मारणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यात हे इंजिन तास न् तास थंड हवेत पोटात झोपलेलं असतं. काही ग्लायडरमध्ये वजन वाचवायला स्टार्टरच नसतो. पायलट नाक खाली करून वेग वाढवतो, वाऱ्याने पंखा फिरतो आणि इंजिन सुरू होतं. धक्का मारून गाडी चालू करतात तसं. फक्त इथे धक्का उंची खर्चून विकत घ्यावा लागतो.

वरच्याच गणितात बघा. इंजिन बाहेर असताना ग्लायडर सेकंदाला जवळजवळ १.७ मीटर खाली येतंय. पायलट अर्धा मिनिट बटणं दाबत बसला, चोक ओढला, परत बटण दाबलं, की ५० मीटर गेले. सोळा मजली इमारत. हेच अर्धं मिनिट इंजिन पोटात असताना १९ मीटरला पडलं असतं. म्हणजे ज्या क्षणी पायलट मदत मागायला जातो, त्याच क्षणापासून त्याची उंची दुपटी-तिपटीने खर्च व्हायला लागते. आणि त्याचं लक्ष बाहेरच्या शेतांवर नसून आतल्या बटणांवर असतं. मोटरग्लायडरचे बरेच अपघात याच वळणाने झालेले आहेत. उंची कमी, इंजिन बाहेर, ते सुरू होत नाही, आणि खाली उतरण्याजोगी जागा आधी हेरलेली नाही.

म्हणून शिकवताना पायलटांना उलटा क्रम सांगतात. आधी उतरण्याजोगं शेत शोधा. त्याच्या जवळ, वरच राहा. पुरेशी उंची हातात असतानाच इंजिन बाहेर काढा. आणि ते चालू होणारच नाही असं धरून चाला. झालं तर निघा घरी. नाही झालं तर ठरलेल्या शेतात उतरा. घरी पालकांना सांगायचं तर, परीक्षेला निघताना शेवटची बस पकडायची नसते, ती चुकली तर दुसरी मिळेल अशा वेळेला निघायचं असतं.

इंजिन परत पोटात का ढकलत नाहीत, असंही मुलांनी विचारलं. ढकलता येतं, पण पंखा अगदी उभा, खांबाच्या रेषेत थांबवावा लागतो, नाहीतर तो झाकणातून आत जाणार कसा? पायलट बऱ्याच विमानांत छोट्या आरशातून मागे बघून तो जुळवतो. इंजिन चाललेलं असेल तर थोडं निवू द्यावं लागतं. उंची असेल तर हे सगळं जमतं. जमिनीजवळ आल्यावर त्याच्या नादी लागण्यापेक्षा ते बाहेर ठेवूनच उतरणं शहाणपणाचं.

आणि उतरताना

इथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, म्हणून जरा सविस्तर.

ग्लायडरला उतरताना दुसरी संधी नसते. चुकलं म्हणून पुन्हा वर जाऊन फेरी मारता येत नाही. मग ते नेमक्या जागी टेकतं कसं? त्यासाठी पंखांवर एअरब्रेक असतात. लिव्हर ओढली की पंखातून उभ्या फळ्या वर येतात, विमान जास्त उतारानं खाली येतं. लिव्हर ढकलली की फळ्या आत आणि घसरण पुन्हा लांब. पायलट मुद्दाम थोडा उंचावरून येतो, एअरब्रेक अर्धवट उघडे ठेवतो. जास्त पुढे जातोय असं वाटलं तर आणखी उघडायचे. कमी पडतोय असं वाटलं तर बंद करायचे. शिंप्याने कापडाला दोन्हीकडे शिवणीत जास्तीची माया ठेवावी तसं हे आहे. चूक झाली तरी सुधारायला जागा असते.

आता ही माया किती, ते मोजू. जमिनीपासून १०० मीटर उंची. एअरब्रेक पूर्ण उघडे असताना ग्लाइड रेशो १:६ धरू, बंद असताना १:४०. म्हणजे पायलट ६०० मीटरपासून ४ किलोमीटरपर्यंत कुठेही पोहोचू शकतो. इंजिन बाहेर असेल तर? एअरब्रेक पूर्ण उघडे असताना १:५ आणि बंद असताना १:१५. म्हणजे ५०० मीटर ते दीड किलोमीटर. जवळचं टोक फारसं हललं नाही, पण लांबचं टोक चारवरून दीडवर आलं. 'कमी पडलो तर एअरब्रेक बंद करू' हा जो हुकमी उपाय होता, तो जवळजवळ गेलाच. समोर वारा असेल तर दीड किलोमीटरही मिळणार नाही.

याचा अर्थ सगळा फेराच बदलतो. एरवी पायलट शेताला वळसा घालताना जेवढ्या अंतरावरून जातो, त्यापेक्षा जवळून जायचं. शेवटचं वळण जास्त उंचीवर घ्यायचं. आणि शेत नक्की गाठतोय अशी खात्री होईपर्यंत एअरब्रेकला हात लावायचा नाही. हात मात्र सवयीने लिव्हरकडे जातो, कारण शंभर वेळा तसंच केलेलं असतं. म्हणून बरेच जण धावपट्टीवर, सगळं ठीक असताना, इंजिन मुद्दाम बाहेर ठेवून उतरण्याचा सराव करतात. शेतात पहिल्यांदाच ही वेळ यायला नको.

शेवटचे काही मीटर आणखी वेगळे. एरवी ग्लायडर जमिनीलगत आलं की पायलट नाक हळूच वर घेतो आणि ते तरंगत तरंगत बरंच पुढे जाऊन टेकतं. इंजिन बाहेर असताना हे तरंगणं मिळत नाही. नाक वर घेतलं की वेग झपकन उतरतो. त्यात वेग आधीच कमी असेल किंवा नाक जरा उंचावरच वर घेतलं असेल, तर विमान धपकन खाली बसतं. म्हणून येतानाच वेग थोडा जास्त ठेवायचा आणि एअरब्रेक कमी वापरायचे. शिवाय पाठीवर खांबाच्या टोकाला जड इंजिन उभं असतं. धक्का बसला तर त्याचा भार खांबावर आणि विमानाच्या अंगावर येतो.

अजून एक बारीक गोष्ट, पण जीवावर बेतणारी. पंखा विमानाच्या अंगापेक्षा बराच वर असतो. कपाट वरच्या कडेला धरून ढकललं तर ते पुढे कलतं. तसंच इंजिन चालू असताना ते विमानाचं नाक खाली ढकलत असतं, आणि पायलटने ते सांभाळून धरलेलं असतं. वर चढताना इंजिन अचानक बंद पडलं, की तो ढकलणारा जोर नाहीसा होतो आणि उलट हवेची ओढ त्याच खांबाला वरून मागे खेचते. नाक वर जायला बघतं, वेग भराभर उतरतो. त्या क्षणी काठी पुढे करून नाक खाली घ्यायलाच हवं. जमीन जवळ दिसत असताना नाक आणखी खाली करणं मनाला पटत नाही, पण दुसरा मार्ग नसतो.

यावर कारखानदारांनी उपाय शोधलेत. एएसएच-२६ई या ग्लायडरमध्ये इंजिन पोटातच राहतं, फक्त खांब आणि पंखा वर येतो, त्यामुळे हवेला अडणारी वस्तू कमी होते. स्टेमे एस-१० मध्ये पंखा नाकातच घडी होऊन बसतो. हल्ली नाकावर बॅटरीवर चालणारा छोटा पंखा बसवतात. तो बंद केला की पाती मागे मिटून नाकाला चिकटतात. तिथे पाठीवर काही उभंच राहत नाही, म्हणून हा जाच बराचसा टळतो.

वर्गात करून बघा

साधं कागदी विमान घ्या, नाकाला दोन-तीन स्टेपलर पिना मारा म्हणजे ते सरळ जाईल. जाड पुठ्ठ्याचा तीन बाय दोन सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि विमानाच्या पाठीवर मधोमध उभा चिकटवा, रुंद बाजू वाऱ्याकडे करून. आम्ही व्हरांड्यात बाकावर उभं राहून सोडलं आणि फरशा मोजल्या. तुकड्याशिवाय चौदा फरशा, तुकडा लावून आठ-नऊ. तुमच्याकडे आकडे वेगळे येतील.

मी खूश होऊन फळ्यावर लिहायला वळले, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, वजन वाढलं ना, म्हणून." बरोबर होतं त्याचं. मी दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. मग तोच तुकडा आम्ही पाठीवर आडवा, चपटा चिकटवला. वजन तेच, पण वाऱ्याला आडवं काही नाही. विमान पुन्हा तेरा-चौदा फरशा गेलं. तेव्हा कुठे सिद्ध झालं की दोष वजनाचा नव्हता. (खऱ्या ग्लायडरमध्येही वजन वाढल्याने घसरणीचा उतार जवळजवळ बदलत नाही, फक्त वेग वाढतो. स्पर्धेत पायलट पंखांत पाणी भरून नेतात ते याचसाठी.) आडव्या तुकड्याची ही फेरी गाळू नका.

उभ्या तुकड्याचं विमान सोडताना नीट बघा, ते नाक वर करून एकदम थबकतं आणि मग पडतं. वरच्या कपाटाच्या उदाहरणातली ओढ इथे डोळ्यांनी दिसते. नाकाला आणखी एक पिन मारली की ते सरळ जातं, पण लवकर जमिनीला लागतं.

ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता, तिला मी सगळ्या वर्गासमोर सांगितलं की माझं उत्तर चुकलं होतं. तिने वहीत आधीचं उत्तर खोडलं, खाली नवीन लिहिलं आणि विचारलं, "बाई, मग पक्षी उडताना पाय पोटाशी का घेतात, ते पण यामुळेच का?"

त्यावर आम्ही पुढच्या शनिवारी बगळे बघायला तळ्यावर जाणार आहोत.